२३ गोल करूनही करंडक हुकला: २०२४ च्या स्टॅनली कपचा सातवा सामना नेमका कशाने ठरला?

प्रेअरीवारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. २०२४ च्या स्टॅनली कपच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आईस हॉकी लीगच्या करंडकाच्या, अंतिम मालिकेविषयी एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे, आणि आईस हॉकी मन लावून पाहणारे मराठी वाचक येथे बरेच आहेत, म्हणून तो सविस्तर मांडते. मी एडमंटनमध्ये राहते, त्यामुळे माझा ओढा आमच्या शहराच्या संघाकडे, ऑयलर्सकडे, आहे हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंतिम फेरीत सातपैकी चार सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो. फ्लोरिडा पँथर्सनी पहिले तीन सामने ३-०, ४-१ आणि ४-३ असे जिंकले, तेव्हा आमच्या शहरातल्या कट्टर समर्थकांनीही आशा सोडली होती. त्यानंतर एडमंटनने ८-१, ५-३ आणि ५-१ असे सलग तीन सामने जिंकून मालिका बरोबरीत आणली. या तीन सामन्यांत एडमंटनचे गोल १८ आणि फ्लोरिडाचे केवळ ५. अंतिम फेरीत तीन सामने गमावल्यावर उरलेले चारही जिंकण्याचा पराक्रम त्याआधी एकाच संघाने, १९४२ साली टोरांटोने, केला होता. कॅनडातल्या संघाने करंडक उचलल्याला तेव्हा ३१ वर्षे झाली होती. शेवटचा मान १९९३ मध्ये माँट्रियलला मिळाला होता. त्यामुळे २४ जूनच्या रात्री एकट्या एडमंटनचाच नव्हे, तर देशातल्या बऱ्याच लोकांचा जीव टांगणीला लागला होता.

सामना फ्लोरिडातल्या सनराइज येथे झाला आणि एडमंटन १-२ असे हरले. मी सात सामन्यांच्या गोलांची बेरीज केली, तेव्हा एडमंटनचे २३ आणि फ्लोरिडाचे १८ भरले. पाच गोल जास्त करणारा संघ हात हलवत परतला, ही गोष्ट मला स्वीकारता येते, कारण नियम दोघांनाही आधीपासून ठाऊक होते. मला समजून घ्यायचे आहे ते वेगळेच. ज्या संघाने तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला अक्षरशः पळता भुई थोडी केली, त्याच संघाला निर्णायक सामन्यात ६० मिनिटांत एकच गोल का करता आला? फ्लोरिडाने खेळात काही बदल केला होता का, की अशा सामन्यात आधीच्या विजयांचा जोर मुळी उपयोगीच पडत नाही?

निळीरेषा

प्रेअरीवारा ताई, प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर निदान काही अंशी खेळाच्या नियमांतच सापडते, असे मला वाटते.

आईस हॉकीत खेळाडू पाऊण मिनिट ते एक मिनिट बर्फावर राहतात आणि मग दुसरी तुकडी येते. खेळ थांबला असताना खेळाडू बदलायचे असतील, तर पाहुण्या संघाने आपले खेळाडू आधी पाठवायचे आणि ते पाहून यजमान प्रशिक्षकाने आपली निवड करायची, असा नियम आहे. वरवर पाहता ही किरकोळ सवलत वाटते. परंतु समोर एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडसारखा खेळाडू असेल, तर तिचे मोल फार मोठे ठरते. फ्लोरिडाचा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह हा त्या मोसमात सर्वोत्तम बचाव करणाऱ्या आघाडीपटूला दिल्या जाणाऱ्या सेल्की पारितोषिकाचा मानकरी होता. मॅकडेव्हिड बर्फावर उतरताना दिसला की शक्य तेवढ्या वेळा बार्कोव्हला त्याच्यासमोर उभे करायचे, असा प्रशिक्षक पॉल मॉरिस यांचा कल मालिकाभर होता, आणि आपल्या मैदानावर ते हे अधिक मोकळेपणाने करू शकत होते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सातवा सामना सनराइजला का झाला? ८२ सामन्यांच्या साखळीत फ्लोरिडाने ११० गुण मिळवले होते आणि एडमंटनने १०४, म्हणून. एडमंटनची मोसमाची सुरुवात इतकी वाईट झाली होती की पहिल्या १३ सामन्यांपैकी अवघे तीन त्यांना जिंकता आले होते; नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलावा लागला आणि क्रिस नॉब्लॉक आले. पुढे याच संघाने सलग १६ सामने जिंकले, तरीही ती सुरुवातीची सहा गुणांची तूट भरून निघाली नाही. निर्णायक सामना एका रात्रीत ठरतो असे आपण म्हणतो खरे, परंतु त्या रात्री कोणाच्या मैदानावर उभे राहायचे हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या, फारसे कोणी लक्षही न दिलेल्या सामन्यांनी ठरवून ठेवले होते. मला या खेळातली ही गोष्ट मनापासून न्याय्य वाटते.

आता खेळाकडे येतो. चौथ्या ते सहाव्या सामन्यात फ्लोरिडाचे बचावपटू आक्रमणात पुढे जात होते आणि पक (खेळातली रबरी चकती) हातचा गेला की त्यांच्या पाठीमागे मोकळे रान उरत होते. एडमंटनइतका वेगवान संघ अशी चूक पोटात घालत नाही. सातव्या सामन्यात हे फार थोड्या वेळा घडले. एकदा मात्र घडले आणि त्याची किंमत लगेच मोजावी लागली. आधी इव्हान रॉड्रिग्जच्या फटक्याला गोलजाळ्यासमोर उभ्या असलेल्या कार्टर व्हर्हेगीने स्टिक लावून दिशा दिली आणि ४ मिनिटे २७ सेकंदांनी फ्लोरिडाचा पहिला गोल झाला. त्यानंतर अवघ्या २ मिनिटे १७ सेकंदांनी एडमंटनच्या कोडी सीसीने आपल्या भागातून लांब पास दिला, मॅटियस यानमार्क बचावफळीच्या पाठीमागे एकटाच निसटला आणि त्याने बरोबरी साधली. आधीचे तीन सामने ज्यांनी पाहिले होते, त्यांना क्षणभर तोच खेळ पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटले असेल.

परंतु तसे झाले नाही. २० मिनिटांच्या तीन सत्रांपैकी दुसऱ्या सत्रात १५ मिनिटे ११ सेकंद झाली असताना फ्लोरिडाचा सॅम रेनहार्ट उजव्या बाजूने पुढे आला आणि त्याने तेथूनच मनगटाच्या जोरावर मारलेला फटका एडमंटनचा गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर याला चकवून आत गेला. साखळीत ५७ गोल केलेल्या खेळाडूला तेवढी जागा देणे एडमंटनला महागात पडले. तेथून पुढे २४ मिनिटे ४९ सेकंद फ्लोरिडाने ती एका गोलाची आघाडी सांभाळली. त्या काळातला त्यांचा खेळ पुन्हा पाहण्यासारखा आहे. तिसरा गोल करण्याचा हव्यास जवळजवळ नाहीच. मधल्या पट्ट्यात चार-पाच खेळाडू एका ओळीत, आणि पक मिळाला की तो काचेवरून किंवा कठड्यालगत सरळ बाहेर. दिसायला हा खेळ देखणा नव्हता, परंतु मॅकडेव्हिडला वेग घ्यायला जी २०-२५ फुटांची मोकळी जागा लागते, ती त्याला त्या सत्रात क्वचितच मिळाली.

गोलजाळी

निळीरेषा यांचे विवेचन मला पटते, तरी त्यात गोलरक्षकाचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते या मालिकेची खरी कथा फ्लोरिडाच्या सर्गेई बोब्रोव्हस्कीची आहे.

पहिल्या सामन्यात एडमंटनने ३२ फटके मारले आणि ते सर्व त्याने अडवले. चौथ्या सामन्यात पाच गोल झाल्यावर त्याला मैदानातून परत बोलवावे लागले. पाचव्यात त्याच्यावर चार आणि सहाव्यात तीन गोल झाले. या दोन सामन्यांतले उरलेले गोल रिकाम्या जाळ्यात गेले. म्हणजे निर्णायक सामन्याला उतरताना हा ३५ वर्षांचा गोलरक्षक सलग तीन पराभव पचवून आला होता. त्याच्यामागे आणखी जुनी टीकाही होती. सर्वोत्तम गोलरक्षकाचे व्हेझिना पारितोषिक दोनदा मिळवल्यानंतर २०१९ मध्ये फ्लोरिडाने त्याच्याशी सात वर्षांचा, सात कोटी डॉलरचा करार केला, आणि पुढची काही वर्षे हा पैसा पाण्यात गेला असेच बहुतेकांचे मत होते. २०२३ च्या बाद फेरीची सुरुवातही त्याने बाकावर बसून पाहिली होती.

सातव्या सामन्यात त्याने २४ पैकी २३ फटके अडवले. आकडा फार मोठा नाही. खरी किंमत ते कोणत्या वेळी आणि कशा रीतीने अडवले याला आहे. यानमार्कचा गोल झाल्यावर, म्हणजे ज्या क्षणी मागच्या आठवड्याचे सगळे भूत मानगुटीवर बसायला हवे होते त्या क्षणानंतर, त्याने एकही गोल होऊ दिला नाही. त्याच्या हालचालींकडे नीट पाहिले तर एक फरक दिसतो. चौथ्या आणि पाचव्या सामन्यांत तो फटका येण्याआधीच गुडघ्यांवर जात होता, त्यामुळे वरचा भाग उघडा पडत होता, आणि पक शरीराला लागून समोर सुटा पडत होता. सातव्या सामन्यात तो जास्त वेळ उभा राहिला आणि पक छातीशी धरून खेळ थांबवण्यावर त्याने भर दिला. रिबाउंड, म्हणजे उसळून सुटा पडलेला पक, मिळाला नाही की दुसरा फटका नाही, आणि साखळीत ५४ गोल करणारा एडमंटनचा झॅक हायमन तर दुसऱ्या फटक्यावरच जगणारा खेळाडू आहे.

सामना संपल्यावर करंडक पहिल्यांदा कर्णधाराच्या हाती येतो आणि तो पुढे कोणाला द्यायचा हे कर्णधार ठरवतो. बार्कोव्ह हा स्टॅनली कप उचलणारा पहिला फिनिश कर्णधार. त्याने करंडक सर्वप्रथम बोब्रोव्हस्कीच्या हाती दिला. संघातल्या लोकांनी या विजयाचे श्रेय कोणाला दिले, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

अंकप्रेमी

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु निकाल माहीत झाल्यावर त्याची कारणे शोधणे सोपे असते, याची येथे आठवण करून द्यावीशी वाटते.

पाचवा सामनाही सनराइजलाच झाला होता. तेव्हाही खेळाडू शेवटी बदलण्याची सवलत मॉरिस यांच्याकडेच होती, तेव्हाही बार्कोव्ह होताच, आणि त्या रात्री मॅकडेव्हिडने दोन गोल केले व दोन करवले. मग ती सवलत सातव्या सामन्यात निर्णायक आणि पाचव्यात निरुपयोगी, असे कसे म्हणता येईल? सातव्या सामन्यात फटके होते एडमंटनचे २४ आणि फ्लोरिडाचे २१. तिसऱ्या सत्रात एडमंटनचे खेळाडू गोलजाळ्याच्या तोंडाशी पोहोचले होते. त्यातला एक पक चार बोटे इकडे वळला असता तर सामना जादा वेळेत गेला असता आणि आज आपण फ्लोरिडाच्या बचावातल्या उणिवांवर चर्चा करत असतो. सहाव्या सामन्यातली घटना आठवा. एडमंटनची आघाडी २-० झाल्यावर दहा सेकंदांत बार्कोव्हने गोल केला, एडमंटनने दाद मागितली, चित्रफीत पुन्हा पाहिली गेली आणि निळ्या रेषेवरच्या अगदी थोडक्या फरकाच्या ऑफसाइडमुळे, म्हणजे आक्रमक खेळाडू पकच्या आधी रेषेपलीकडे गेल्यामुळे, तो गोल रद्द झाला. तो ग्राह्य धरला असता, तर कदाचित सातवा सामना खेळलाच गेला नसता. इतक्या कमी गोलांच्या खेळात एका सामन्याचा निकाल हा दोन तुल्यबळ संघांमधला फरक सांगू शकत नाही, आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याचेही कारण नाही.

जुनीपाने

प्रेअरीवारा यांनी १९४२ चा उल्लेख केला आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो, कारण त्या मालिकेत त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे असे मला वाटते.

डेट्रॉइटविरुद्ध पहिले तीन सामने हरल्यावर टोरांटोचे प्रशिक्षक हॅप डे यांनी एक धाडसी निर्णय घेतला. संघातला हुकमी गोल करणारा गॉर्डी ड्रिलन आणि बचावपटू बको मॅकडोनाल्ड या दोघांना त्यांनी बाहेर बसवले आणि तरुण, वेगवान खेळाडूंना संधी दिली. पुढचे तीन सामने टोरांटोने जिंकले. १८ एप्रिलला मेपल लीफ गार्डन्समध्ये १६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर सातवा सामना झाला, आणि लागोपाठ तीन विजय मिळवलेला हा संघ तिसरे सत्र सुरू झाले तेव्हा एका गोलाने पिछाडीवर होता. मग स्वीनी श्रायनरने बरोबरी साधली, पीट लँगेलने आघाडी मिळवून दिली, श्रायनरने आणखी एक गोल केला आणि सामना ३-१ असा संपला. म्हणजे आधीच्या तीन विजयांचा जोर म्हणून जे काही असते ते दोन सत्रे कोठेच दिसले नव्हते. १९४५ मध्ये तर डेट्रॉइटनेच टोरांटोविरुद्ध तीन पराभवांनंतर तीन सामने जिंकले, सातवा सामना घरच्या मैदानावर मिळवला आणि तो २-१ असा गमावला. २०२४ चा निकालही नेमका तितक्याच गोलांचा आहे.

माझ्या वाचनात आणि पाहण्यात आलेल्या अशा मालिकांवरून मला असे वाटते की पिछाडीवरून येणाऱ्या संघाला चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सामन्यांत एक मोकळीक असते. गमावण्यासारखे काही उरलेले नसते, लोक त्यांची बाजू सोडून गेलेले असतात. बरोबरी झाली की ती मोकळीक संपते आणि करंडकाचे ओझे त्यांच्याही खांद्यावर येते. दुसऱ्या बाजूचा संघ तीन दिवस लोकांची बोलणी खाऊन आलेला असतो आणि त्याला आता फक्त एक सामना खेळायचा असतो. फ्लोरिडाच्या बाबतीत त्यात आणखी एका वर्षाची भर होती, कारण २०२३ ची अंतिम मालिका ते व्हेगासकडून पाच सामन्यांत हरले होते. पॉल मॉरिस यांनी तर १९९५ पासून या लीगमध्ये प्रशिक्षक म्हणून काम केले होते, २००२ मध्ये कॅरोलायनासह अंतिम फेरीत हार पत्करली होती आणि करंडक त्यांच्या हाती कधीच आला नव्हता. अशा माणसाने त्या रात्री तिसरा गोल करण्यापेक्षा दुसरा गोल न होऊ देण्याला महत्त्व दिले, यात मला नवल वाटत नाही.

प्रेअरीवारा

सर्वांचे मनापासून आभार. जुनीपाने यांचा ओझ्याविषयीचा मुद्दा मला फार पटला, कारण सहाव्या सामन्यानंतर येथील वातावरणच पालटले होते. ज्यांनी आठवड्यापूर्वी आशा सोडली होती, तेच लोक करंडकाच्या मिरवणुकीचा मार्ग कोणता असेल यावर बोलू लागले होते.

एक गोष्ट मात्र अजून कोणी बोलले नाही. बाद फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे कॉन स्माइद पारितोषिक पराभूत संघातल्या मॅकडेव्हिडला मिळाले. त्याच्या नावावर ४२ गुण (गोल आणि गोलसाहाय्ये मिळून) होते, त्यांतल्या ३४ गोलसाहाय्यांनी वेन ग्रेट्झ्कीचा १९८८ चा ३१ चा विक्रम मोडला होता. आणि तरीही शेवटच्या दोन सामन्यांत त्याच्या खात्यात एकही गुण जमा झाला नाही. नाव पुकारले गेले तेव्हा तो बर्फावर आलाच नाही. त्यावर काही लोकांनी नाके मुरडली, परंतु मला त्याचे वागणे अगदी योग्य वाटले. जी मालिका आपण हरलो, तिच्यातल्या वैयक्तिक मानासाठी विजेत्यांच्या जल्लोषात जाऊन उभे राहणे त्याला जमले नसेल, तर त्यात उद्धटपणा कोणता?

जुनीपाने

आपल्याशी पूर्णपणे सहमत आहे. असा मान पराभूत खेळाडूला क्वचितच मिळतो. मॅकडेव्हिडच्या आधी असे पाच जणच झाले आणि त्यांतले चार गोलरक्षक होते. त्यांच्यापैकी रॉन हेक्स्टॉलची आठवण एडमंटनकरांना खास असेल. १९८७ मध्ये फिलाडेल्फियाने ३-१ अशा पिछाडीवरून एडमंटनला सातव्या सामन्यापर्यंत खेचले होते, घरच्या मैदानावर एडमंटनने तो ३-१ असा जिंकला, आणि पारितोषिक मात्र हरलेल्या फिलाडेल्फियाच्या गोलरक्षकाला, हेक्स्टॉलला, मिळाले. म्हणजे २०२४ मध्ये फ्लोरिडा जेथे उभे होते, तेथे ३७ वर्षांपूर्वी तुमचा संघ उभा होता.

निळीरेषा

अंकप्रेमी यांनी पाचव्या सामन्याचा दाखला देऊन माझ्या म्हणण्यातली एक कच्ची बाजू दाखवली आहे, आणि त्यांच्या मुद्द्याला मी स्वतःच आणखी बळ देतो. २०२५ च्या अंतिम मालिकेत हेच दोन संघ पुन्हा भेटले आणि या वेळी साखळीतल्या कामगिरीमुळे घरच्या मैदानाचा लाभ एडमंटनकडे होता. तरीही फ्लोरिडाने दुसरा आणि पाचवा सामना एडमंटनमध्ये जाऊन जिंकला, आणि सहाव्या सामन्यात ५-१ असा विजय मिळवून सातव्याची वेळच येऊ दिली नाही. त्या सामन्यात रेनहार्टने एकट्याने चार गोल केले. म्हणजे शेवटी खेळाडू बदलण्याची सवलत हेच सर्वस्व नाही, हे मान्य करायला हवे.

तथापि त्याच निकालामुळे २०२४ चा सातवा सामना निव्वळ नशिबाने ठरला, हे म्हणणेही मला कठीण वाटते. तोच गोलरक्षक, तोच कर्णधार आणि मधला पट्टा बंद करण्याची तीच शिस्त दुसऱ्या वर्षीही एडमंटनला पुरून उरली. एडमंटनच्या बाजूने पाहायचे तर २०२४ च्या मालिकेत लिऑन ड्रायसायटलला सात सामन्यांत एकही गोल करता आला नाही, ही बाब मला मॅकडेव्हिडच्या शेवटच्या दोन सामन्यांपेक्षाही अधिक निर्णायक वाटते. प्रशिक्षक एका वेळी एकाच ताऱ्यासमोर आपली सर्वोत्तम तुकडी उभी करू शकतो. दुसऱ्याने त्या मोकळिकीचा लाभ उठवला असता, तर २४ जूनला एक गोल अपुरा पडला नसता. ड्रायसायटलच्या सातव्या सामन्यातल्या शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या पाळ्या, कोणी बारकाईने पाहिल्या असतील, तर त्यांनी येथे जरूर लिहावे.